मायावहिनीची उंच बोनेटची जीप

रोशन माझा पाठचा भाऊ आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की ही बाई परक्याच्या नावानं बोटं मोडून राहिली. बोटं मोडते आहे ती आपल्याच माणसाच्या नावानं, आणि अजून मोडते आहे.

पण लिहायचं आहे ते मायावहिनीबद्दल. माझ्या थोरल्या भावाची, संघपालदादाची बायको. सकाळी बुद्धवंदना झाली की मी वहीत चार ओळी लिहिते, अठरा वर्षं झाली त्याला. गेल्या पावणेचार वर्षांच्या वह्या काढून समोर ठेवल्या आहेत, कारण या बाईबद्दल लिहायचं तर तारखा चुकायला नकोत. ती स्वतः एकही तारीख विसरत नाही.

मायावहिनी कुहीकडची. एकोणीस वर्षांची असताना कोराडीला आमच्या घरी सून म्हणून आली. उंचीनं माझ्या खांद्याला लागते. आवाज मात्र असा, की वीज केंद्राच्या वसाहतीच्या या टोकाला भाजीवाल्याशी बोलली तर त्या टोकाला भाव कळतो. आली त्या दिवशी अंगणात उभी असलेली जीप पाहून तिनं माझ्या आईला विचारलं होतं, "ही कोनाची गाडी आहे?" आई म्हणाली, "आपलीच." वहिनीला वाटलं, सासू थट्टा करते.

जीप खरंच आमची होती. आमचे बाबा, रामाजी, वीज केंद्रात ड्रायव्हर होते. एकोणीस वर्षं एकच जीप चालवली. ती निकालात निघाली, लिलावात आली, तेव्हा बाबांनीच बोली लावली. साहेब हसून म्हणाले, "रामाजी, या भंगाराचं काय करणार?" बाबा म्हणाले, "साहेब, मी चालवतो तोवर भंगार कसं होईल?"

या गाडीची कहाणी दादा जेवताना सांगत बसायचा, भाजी गार व्हायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेला चिखलात, डोंगरात कुठंही जाणारी लहान गाडी हवी होती. तशी गाडी झाली, आणि विलीज हे नाव तिला चिकटलं. लढाई संपली, गाड्या उरल्या, जगभर विकल्या गेल्या. आपल्याकडं स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रावाल्यांनी मुंबईत तिकडून आलेले भाग जोडून जीपा तयार करायला सुरुवात केली, आणि पुढं सगळी गाडीच इथं बनू लागली. लढाईतल्या जीपचं बोनेट ठेंगणं होतं. नंतर उंच इंजिन आलं, ते त्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेटच उंच केलं. आमची होती ती उंच बोनेटवाली, निळ्या रंगाची, समोर सात उभ्या फटी. दादा म्हणायचा, ठेंगणी बहीण लढाईला गेली आणि उंच बहीण नोकरीला लागली. जंगल खातं, पाटबंधारे, लाईटवाले, जिथं रस्ता नाही तिथं सरकार हिलाच पाठवायचं.

बसायला सुख म्हणाल तर काही नाही. दारं नाहीत. उन्हाळ्यात पायाखालचा पत्रा तव्यासारखा तापतो, पावसात गुडघे भिजतात. स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकाला पत्ता नसतो. पेट्रोल इतकं पिते की बाबा पंपावर तिच्याकडं पाठ करून उभे राहायचे. पण वीज केंद्रातली कोळशाची राख साठवतात त्या राखेच्या बंधाऱ्यावर, जिथं ट्रॅक्टरवालाही हात जोडतो, तिथून ती हळूहळू, कुरकुरत, बाहेर येणार म्हणजे येणार.

दादा मोठा झाल्यावर याच जीपच्या पोटाखाली मिस्त्री झाला, आणि बाबांच्या मागं जीप त्याच्या नावावर झाली. वहिनीला गाडी शिकवली त्यानंच, राखेच्या रस्त्यावर. मी मागं बसले होते.

"पाय उचल वं क्लचवरून. हळू! भाकर थापून राहिली का तू?"

"तुम्ही उतरा आधी खाली. तुम्ही बाजूला बसले की मले येत नाही."

दादा रागानं उतरला. वहिनीनं गाडी घातली ती सरळ बंधाऱ्याच्या टोकाला. अर्ध्या तासानं परत आली तेव्हा तिच्या पापण्यासुद्धा राखेनं पांढऱ्या झाल्या होत्या, आणि दादा रस्त्यात उकिडवा बसून होता. "काहून बसले?" वहिनी म्हणाली. "पाय गळाले माहे," दादा म्हणाला.

पुढं तिनं डब्यांचं काम धरलं. राखेच्या पाइपलाइनवर कंत्राटी माणसं असतात, त्यांना दुपारी जेवायला वसाहतीपर्यंत येणं होत नाही. ऑटो तिथं जात नाही, दुचाकी रुतते. वहिनी चाळीस डबे मागं फळ्यांमध्ये घट्ट बसवून जीप घेऊन जायची. बारा वाजून दहा मिनिटांनी ती पोचली नाही असा दिवस माझ्या आठवणीत नाही. माणसं तिला "जीपवाली बाई" म्हणायची. दादाच्या मिस्त्रीकामापेक्षा घर चालायचं ते या डब्यांवर.

ऑगस्ट दोन हजार बावीसमध्ये दादा गेला. छातीत दुखतं म्हणाला आणि तासाभरात संपला.

पंधराव्या दिवशी रोशन कोराडीला आला. त्याचं नागपुरात लकडगंजला प्लायवूडचं दुकान आहे. हातात स्टॅम्पपेपर होता. मी तिथंच होते, वहिनीसोबत राहायला माझ्या सक्करदऱ्याच्या घरून गेलेली.

"वहिनी, जीपचं रजिस्ट्रेशन संपून राहिलं," तो म्हणाला. "जुन्या गाडीचं पुन्हा करा लागते. दादाच्या नावावर आहे, दादा तर नाही आता. आरटीओवाले कधीपण उचलून नेतीन. इथं सही करा, मी सगळं निपटवून आणतो. तुमच्याच नावावर होते."

कागद इंग्रजीत होता. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, तिनं तो माझ्यापुढं केला. "ताई, काय लिहिलं पाहा बरं."

मी मॅट्रिक आहे. मी कागद हातात घेतला. संघपाल, माया, रोशन अशी तिन्ही नावं दिसली, आणि मी वर पाहून म्हणाले, "करा वहिनी, घरचाच तर आहे." तिनं सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी केली. त्या रात्री माझ्या वहीत काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं उतरवते: "रोशन किती धावपळ करतो बिचारा."

कागदावर असं होतं, हे मागाहून कळलं, की मायाचा जीपवर काही हक्क नाही, आणि ती रोशनच्या नावावर व्हायला तिची हरकत नाही.

बारा दिवसांनी तो रंग द्यायचा म्हणून जीप घेऊन गेला. महिना झाला, परत आली नाही. मग वहिनी बस धरून लकडगंजला गेली. मला सोबत घेतलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, रोशन त्यांना प्लाय दाखवत होता.

"भाऊजी, गाडी?"

"वहिनी, ती बाबाची गाडी होती. बाबाची म्हणजे माहीपण," तो मोजपट्टी न ठेवताच म्हणाला. "आणि तुम्ही बाईमाणूस, किती दिवस त्या राखेत फिरत राहाल? चांगलं दिसते का?"

"चाळीस माणसं जेवतात माह्या हातचं."

"मग ऑटो लावा ना."

 लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्याला भाऊजी आणि तुम्ही म्हणायची, तो तेव्हा शाळेत होता तरी. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली, "रोशन, मी तुले पुन्हा मागनार नाही. तू सोताच देशीन. आणि देताना तुले आज माह्या पोटात दुखून राहिलं त्याच्या दुप्पट दुखन."

गिऱ्हाइकं प्लाय न घेताच गेली.

परत येताना ती माझ्या घरी थांबली. मी पाणी दिलं. तिनं पेला हातात घेतला, पाहिला, आणि तसाच खाली ठेवला. "ताई, तुमची चूक नाही असं मी म्हनत नाही. आहे. पण आधी त्याचं पाहू. तुमचं नंतर." त्यानंतर ती माझ्याकडं कितीदा आली, बोलली, हसलीसुद्धा. माझ्या घरी पाणी प्यायली नाही.

ऑटो लावून पाहिला तिनं. तिसऱ्याच दिवशी तो राखेत कलंडला, वरण आणि राख एक झालं. चाळीसचे पंचवीस झाले, मग अकरा, मग कुणा दुसऱ्याला ते काम गेलं. वहिनी वसाहतीतल्या एका खानावळीत पोळ्या लाटायला लागली. रिकामे डबे धुऊन, पुसून, तिनं दाराजवळ रचून ठेवले. विकायला मी सुचवलं तेव्हा म्हणाली, "लागतीन."

तिकडं रोशनचं काय चाललं होतं? जीपला फौजेचा हिरवा रंग दिला. बोनेटवर पांढरा तारा काढला. डब्यांच्या फळ्या उपटून फेकल्या. जीपवाल्या पोरांच्या क्लबात शिरला, गॉगल लावून फोटो टाकू लागला, आणि खाली लिहायचा की आजोबांची लढाईतली जीप. आमचे आजोबा दुसऱ्याची गुरं राखायचे. छप्पन साली दीक्षा घ्यायला ते भिवापूरकडून पायी आले होते. जीप त्यांनी लांबून पाहिली असली तर असली.

आता सूड. मी रोज त्रिशरण पंचशील म्हणते, आणि पाचही शीलं मी या कामासाठी नीट तपासली. जीव घ्यायचा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. वहिनीनंही तपासली होती, मला ठाऊक आहे, कारण ती एकदा म्हणाली, "ताई, मी त्याच्याबद्दल एक शब्द खोटा बोलनार नाही. खरं तेवढंच बोलन. खरंच पुरे आहे."

अशी जुनी पेट्रोल जीप ज्यांच्या हातून सुधरते असे मिस्त्री नागपुरात पाच उरले आहेत. हिचा कार्बोरेटर, हिचे गिअर नव्या पोरांना कळत नाहीत. सुटे भाग दुकानात मिळत नाहीत, ते या पाच जणांच्या पेट्यांमध्ये असतात, आणि एकाकडं नसलं तर तो दुसऱ्याकडून मागून आणतो. पाचही जण दादासोबत शिकलेले. वहिनी एकेकाकडं गेली. मी बळीराम मिस्त्रीकडं तिच्यासोबत होते. तो जमिनीवर गिअरबॉक्स खोलून बसला होता.

"वहिनी! बसा. काही काम काढलं?"

"काम नाही बळीराम. तुमच्या दोस्ताची गाडी कशी गेली ते सांगाले आली." आणि तिनं सांगितलं. पंधरावा दिवस, इंग्रजी कागद, सगळं. माझं नावही वगळलं नाही. "आनि ह्या साक्षीदार," म्हणाली. मी मान खाली घातली.

बळीरामनं हात पुसले. "मंग आम्ही काय करा लागते?"

"मी काहीच सांगत नाही. मी फक्त सांगाले आली."

त्यानंतर रोशनच्या जीपसाठी पाचांपैकी कुणालाही वेळ मिळाला नाही. एकाची दाढ दुखायची, एकाच्या घरी पाहुणे यायचे, एक तर दीड वर्ष बाहेरगावीच होता, आणि रोशन त्याच्याच उघड्या दुकानासमोरून जायचा. जीप सुरू व्हायची, बंद पडायची. रोशननं शेवटी वहिनीलाच फोन लावला. मी शेजारी होते.

"वहिनी, सकाळी सुरूच होत नाही वो. दादा काय करत होता?"

"तू मालक आहे ना? मालकाले माहीत असते," आणि फोन ठेवून दिला. मग पोळीला असं लाटलं की ती पोळपाटाबाहेर गेली.

मला हे गोड लागायला लागलं होतं. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात धम्मग्रंथाचं वाचन झालं की मैत्रीभावना होते, सगळे प्राणी सुखी होवोत. मी त्या वेळी मनात रोशनला थोडं बाजूला काढून ठेवायची. भन्तेजींना एकदा विचारलं, "भन्ते, माहीत असून सांगितलं नाही, तर ते खोटं होतं का?"

"कोणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग खोटं नाही. पण उपासिका, तुमचं तोंड पाहून वाटते की गोष्ट तेवढीच नाही." मी जास्त थांबले नाही तिथं.

यंदाच्या जानेवारीत कळलं की रोशन जीप विकतो आहे. घेणारा ऋषिकेश नावाचा माणूस, जंगलाकडं रिसॉर्ट काढणारा. लढाईतली जीप आहे म्हणून त्याला ती पाहुण्यांना फिरवायला हवी होती. क्लबाचा कार्यक्रम उमरेड रोडच्या आत, एका बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीत होता. त्या दिवशी चालवून दाखवायची आणि व्यवहार करायचा. रोशननं मला मोठ्या हौसेनं बोलावलं. मी वहिनीला फोन केला.

 ती म्हणाली, "एकदा जंगलात गेली तर वापस येत नाही ती." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. जीप नागपूरच्या बाहेर गेली की पाच मिस्त्रीही तिचं काही करू शकणार नव्हते, ना वाकडं ना सरळ.

माघ पौर्णिमेनंतरचा रविवार. आम्ही दोघी बसनं गेलो, फाट्यावर उतरून चालत खदानीत पोचलो. वीस-बावीस गाड्या, बहुतेक नव्या, उंच टायरांच्या. पोरं, त्यांच्या बायका, कोल्ड्रिंक. वहिनीला पाहून रोशनचा चेहरा उतरला, पण लोक होते, तो हसला. "या ना वहिनी. पाहा गाडी कशी चमकून राहिली."

वहिनीनं गाडीला हात लावला नाही. लांबून एक चक्कर मारली फक्त, हाटात म्हैस पाहतात तशी.

रोशन ऋषिकेशला बाजूला बसवून खदानीतल्या चिखलात उतरला. गिअरच्या बाजूला दोन लहान लिव्हर असतात. एकानं पुढच्या चाकांनाही जोर मिळतो, दुसऱ्यानं गाडी हळू पण दुप्पट ताकदीनं चालते. दोन्ही टाकून तो चिखलातून बाहेर निघाला. टाळ्या पडल्या. खरं सांगते, जीप सुंदर निघाली. मला रडू आलं आणि रागही आला.

ऋषिकेश म्हणाला, "आता रस्त्यावर चालवून दाखवा."

रोशन तसाच खदानीच्या वाटेनं डांबरी रस्त्याकडं निघाला. वहिनी ताठ झाली. मी विचारलं, "काय झालं?"

"दोन्ही लिव्हर टाकलेलेच आहेत."

"मग?"

"चिखलात चाक घसरते, म्हून चालते. डांबरावर चाक घसरत नाही. पुढचं आनि मागचं एकमेकाले ओढते. आतमध्ये पीळ बसते. मग लिव्हर निघत नाही, गाडी वळत नाही."

"मग सांगा ना त्याला!"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. "मले कोनी विचारलं?"

आम्ही मागोमाग चालत गेलो. घाई केली नाही.

रोशन डांबरी रस्त्यावर थोडा पुढं गेला, आणि परत यायला गाडी वळवू लागला. रस्ता अरुंद. चाकं कच्चकच्च करत घासली, जीपनं दोन झटके दिले आणि बरोबर रस्त्याच्या आडवी बंद पडली. त्यानं लिव्हर ओढला. दोन्ही हातांनी ओढला. पाय टेकून ओढला. मग चोक ओढून स्टार्टर मारत बसला, मारत बसला, पेट्रोलचा वास आमच्यापर्यंत आला. इंजिन पेट्रोलनं गुदमरलं.

दोन्ही बाजूंनी गाड्या साचायला लागल्या. कोळशाचे दोन ट्रक, एक एसटी, वऱ्हाडाची गाडी. हॉर्न. क्लबातली पोरं धावली, ढकलू लागली, पण गिअरमध्ये अडकलेली जीप हलते कुठं? ट्रकवाला खाली उतरला. "अरे सैनिक, युद्ध संपलं बे, घरी जा!" सगळे हसले. तारा काढलेल्या बोनेटवर त्यानं थाप मारली.

रोशननं बळीरामला फोन लावला, दुसऱ्याला लावला. लोकांदेखत स्पीकरवर. बळीराम म्हणाला, "मी बिमार आहे गा," आणि मागं कुणीतरी ठणठण हातोडा मारत होतं.

वहिनी रस्त्याच्या कडेला उभी होती, पदर खोचून, हात बांधून. वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत माझ्या मनात दया आली नाही. आली असती तर लिहिलं असतं.

शेवटी ऋषिकेशच ओरडला, "इथं कुणाला ही गाडी येते का?"

क्लबातल्या एका पोरानं विचारलं, "काकू, तुम्ही रोशनभाऊच्या वहिनी ना? तुम्हीच चालवायच्या ना ही?"

ऋषिकेश आमच्याकडं आला. "ताई, काय झालंय तुम्हाला कळतंय का?"

"कळते."

"मग सांगा ना."

"नाही सांगत."

"का पण?"

"गाडी माही आहे म्हून." आणि तिनं सांगितलं. आवाज मोठाच आहे तिचा, हॉर्नच्या वरून ऐकू गेला. पंधरावा दिवस, कागद, चाळीस डबे. शेवटी म्हणाली, "आनि साहेब, ही लढाईची नाही. लढाईच्या जीपचं बोनेट ठेंगनं असते. हिचं उंच आहे, पाहा. ही लाईटवाल्यांची गाडी आहे. माहे सासरे चालवत होते."

ऋषिकेशनं बोनेटकडं पाहिलं, रोशनकडं पाहिलं. "तुम्ही तर म्हणालात आजोबा फौजेत होते."

 उत्तर ट्रकवाल्यानं दिलं. ते मी लिहीत नाही.

ऋषिकेशनं व्यवहार तिथंच मोडला. मग रोशन आला वहिनीपुढं. घामानं हिरवा शर्ट काळा झाला होता. हळू म्हणाला, "वहिनी, लोकं पाहून राहिले. बाजूला तरी घेऊ द्या गाडी."

"गाडी कोनाची?"

"घरी बोलू ना."

"घरी तू मले कागद देतो. इथंच बोल. गाडी कोनाची?"

एसटीचा ड्रायव्हर म्हणाला, "अबे सांग ना कोणाची, आमाले उमरेडला जायचं आहे!"

"तुमची," रोशन म्हणाला.

"मोठ्यानं."

"तुमची आहे! मायावहिनीची आहे!" तो रडत होता का घाम होता, मला कळलं नाही. "सोमवारी येतो आरटीओत. करून देतो तुमच्या नावावर." ऋषिकेशनं फोनमध्ये हे सगळं घेतलं होतं, क्लबातली वीस माणसं उभी होती. सोमवारी तो आला, सही केली, खाली न बसता निघून गेला. ते इथंच सांगून टाकते.

त्यानं किल्ली पुढं केली. वहिनी चालत गेली, गाडीत बसली, चोक आत ढकलला. साचलेलं पेट्रोल उडून जावं म्हणून थोडा वेळ नुसती बसून राहिली, हॉर्न वाजत होते तरी. मग ॲक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून स्टार्टर मारला. काळा धूर सोडून जीप उठली. वहिनीनं ती दोन हात मागं घेतली. फक्त दोन हात, रिव्हर्समध्ये. आतला पीळ सुटला, आणि तिनं तो लिव्हर दोन बोटांनी काढला. रोशन ते पाहत होता. त्याच्या तोंडाकडं मी पोटभर पाहून घेतलं.

गाडी कडेला लागली. ट्रक गेले, एसटी गेली. मी पदर सावरत जीपकडं निघाले, पुढच्या सीटच्या दांडीला हात घातला.

"ताई," वहिनी म्हणाली, "तुम्ही त्याच्यासंग या."

मला आधी समजलं नाही. "अहो, मीच तर तुम्हाला सांगितलं आज विकतो म्हणून."

"सांगितलं. त्याचं मी विसरनार नाही." तिनं माझा हात दांडीवरून उचलला. जोर नाही लावला, सुटा केला नुसता. "पन त्या दिवशी तुमच्या हातात कागद होता. तुम्हाले वाचता येत होतं. म्या विचारलं होतं तुम्हाले."

ती निघून गेली. हिरवी जीप नागपूरच्या दिशेला लहान होत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

रोशन क्लबातल्या कुणाच्या गाडीत बसू शकला नाही, कुणी बोलावलं नाही. आम्ही दोघं बहीण-भाऊ फाट्यापर्यंत चालत गेलो. ऊन चढलं होतं. तो म्हणाला, "तूच आणलं ना तिले?"

"हो."

"माही सख्खी बहीण असून?"

 मला त्याच्यावर दया करायची नव्हती, आणि स्वतःवरही नाही. फाट्यावर एका टपरीत मी पाणी मागितलं. त्यालाही दिलं. तो प्यायला. सक्करदऱ्याची थेट बस नव्हती. जी आली तिच्यात आम्ही चढलो, वेगवेगळ्या सीटांवर बसलो.

आता चार महिने झाले. जीपला परत निळा रंग आहे, बळीरामनं दिला. पाइपलाइनवरची माणसं सांगतात की बाई बारा दहाला येते. मी दर रविवारी फोन करते, ती उचलते, बोलते, तब्येत विचारते. कोराडीला या असं म्हणत नाही. मीही विचारत नाही, कारण विचारलं तर ती खरं तेच सांगेल.